थंडीच्या तोंडावर गोठा आणि घर : वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पावसाळ्यात गोचीड आणि खुरांचे प्रश्न असतात, आता दूध कमी झालं, करडं खोकतात, कोंबड्यांनी अंडी बंद केली. सातारा-सांगलीची थंडी उत्तर हिंदुस्थानासारखी हाडं गोठवणारी नाही. इथला त्रास वेगळा आहे. दुपारी ऊन तिशीच्या आसपास आणि पहाटे पारा बारा-तेरावर, कधी त्याच्याही खाली. एवढा चढउतार रोज सोसायचा म्हणजे अंगावर ताण येतोच, आणि त्यात खाली ओल असली तर जनावर आजारी पडतं. म्हणून खर्चाचा क्रम आम्ही सगळ्यांना एकच सांगतो : आधी जमीन कोरडी, मग वाऱ्याला आडोसा, मग पोटात जादा वैरण. ऊब देणारा दिवा किंवा शेगडी शेवटी, तीही लागलीच तर.

प्रश्न : दोन संकरित गाई, एक म्हैस आणि महिन्याभराचं वासरू आहे. गोठा वीस बाय बारा फुटांचा, वर पत्रा, खाली कोबा, तीन बाजू उघड्या. थंडीसाठी हजार रुपयांच्या वर खर्च करता येणार नाही. काय करावं?
– एक दूध उत्पादक, ता. कराड

हजार रुपये पुरतात, कारण लागणारा बराचसा माल तुमच्या शेतात आणि पेंडीच्या रिकाम्या पोत्यांत पडून आहे.

पहिलं काम पावसाळ्यातल्या ताडपत्रीचं. झडीसाठी आपण ती पश्चिमेला बांधतो आणि ती तशीच राहते. थंडीतला बोचरा वारा पूर्वेकडून आणि ईशान्येकडून येतो. पश्चिम बाजू मोकळी करा, दुपारनंतरचं ऊन आत येऊन कोबा वाळेल. पडदे उत्तरेला आणि पूर्वेला लावा. तुमच्या गोठ्याची उत्तर बाजू लांबीची धरली तर वीस आणि बारा मिळून बत्तीस फूट लांब, पाच फूट उंच पडदा लागेल, म्हणजे १६० चौरस फूट. पन्नास किलोचं गोणपाट उसवून पसरलं की साधारण तेरा चौरस फूट भरतं. शिवण आणि दुमड धरून पंधरा पोती घ्या. दाभण आणि सुतळीनं शिवा, खालच्या कडेला बांबू ओवा म्हणजे वाऱ्यानं पडदा उडणार नाही आणि सकाळी गुंडाळायला सोपं जाईल. खताची-कीटकनाशकाची पोती वापरू नका, जनावरं पडदा चघळतात. रोख खर्च सुतळीचा, बांबूचा आणि कमी पडलेल्या पोत्यांचा.

पडदा वर पत्र्यापर्यंत नेऊ नका. पडद्याच्या वर किमान फूट-दीड फूट जागा उघडी पाहिजे. सगळ्यात जास्त चूक इथंच होते. थंडी वाजेल म्हणून चारही बाजूंनी प्लॅस्टिक कागद लावला जातो. रात्रभर जनावरांच्या श्वासातली वाफ पत्र्याला लागते, पहाटे तिचे थेंब पाठीवर पडतात, आणि मुताचा उग्र वास आतच कोंडतो. तो वास फुफ्फुसाचं अस्तर खराब करतो, मग साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. तपासायला यंत्र लागत नाही. पहाटे गोठ्यात शिरल्याबरोबर गाईच्या नाकाच्या उंचीला खाली बसा. डोळे चुरचुरले तर पडदा आणखी खाली घ्या. उभ्यानं वास येत नाही म्हणून हवा चांगली आहे असं धरू नका.

आता जमीन. कोबा रात्री अंगातली ऊब ओढून घेतो. उसाचं पाचट फुकट आहे, तेच अंथरा. प्रत्येक मोठ्या जनावराला पहिल्या दिवशी चार किलो, मग रोज ओलं झालेलं काढून वर किलो-सव्वा किलो. पाचट अखंड टाकलं तर पायात गुंततं आणि पातीच्या कडेनं कासेला ओरखडे येतात, म्हणून कोयत्यानं वीतभर तुकडे करा. काढलेलं ओलं पाचट उकिरड्यात गेलं की मूत वाया न जाता खतच होतं. पुरेसं आहे का हे गुडघा टेकून बघा : अर्धा मिनिट गुडघ्यावर बसायचं, धोतर किंवा पँट ओली झाली तर बदलायची वेळ झाली. कोब्याला उतार नसेल आणि मूत साचत असेल तर कितीही पाचट घातलं तरी फुकट. चाळीस फुटांत फूटभर उतार पुरतो. तेवढाही नसेल तर मागच्या कडेनं छिन्नीनं नाली काढून घ्या.

वासराला मात्र जास्त द्यावं लागतं. मोठ्या गाईचं पोट रात्रभर वैरण आंबवतं आणि त्यातूनच तिला ऊब मिळते. महिन्याच्या वासराचं पोट अजून तयार नसतं, त्याची शेकोटी म्हणजे दूध. वजनाच्या दहा टक्के हा हिशेब, तीस किलोच्या वासराला दिवसाला तीन लिटर, आणि कडाक्याच्या दिवसांत अर्धा लिटर जादा. बहुतेक घरी उलटं होतं, थंडीत दूध कमी निघतं म्हणून वासराचंच तोडतात. मग ते हगवणीनं गेलं की वाचवलेल्या दुधाच्या कितीतरी पट नुकसान होतं. वासराला कोपऱ्यात सहा ते आठ इंच जाड भुस्कटाची गादी करा. ते बसल्यावर पाय भुस्कटात दिसेनासे झाले म्हणजे गादी बरोबर. अंगावर गोणपाटाची झूल घालायची असेल तर छातीला आणि पोटाला बांधा, आतून जुन्या साडीचं अस्तर लावा, आणि सकाळी ऊन आलं की काढाच. आत घाम आला आणि झूल ओली राहिली तर ती नसलेली बरी.

म्हशीचं वेगळं बघा. तिच्या अंगावर केस विरळ, त्यामुळे थंडी तिला गाईपेक्षा लवकर लागते. संध्याकाळी धुणं बंद. धुवायचीच तर अकरा ते दोनमध्ये, नाहीतर खरारा करा, अंगही मोकळं होतं आणि रक्तही फिरतं. धारेच्या वेळी कास कोमट पाण्यानं पुसून लगेच कोरड्या फडक्यानं टिपा. ओली सडं गार वाऱ्यात तडकतात, मग म्हैस दुखतं म्हणून पान्हा चोरते. धार झाल्यावर सडांना ग्लिसरीन किंवा खोबरेल चोळा.

आणि पाणी. संध्याकाळी भरून ठेवलेलं हौदातलं पाणी पहाटे इतकं गार होतं की जनावर चार घोट घेऊन तोंड काढतं. पाणी कमी म्हणजे दूध कमी. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जमिनीतून निघताना बाराही महिने पंचविशीच्या आसपास असतं. रात्री हौद रिकामा ठेवा आणि सकाळी ताजं उपसा. यात पैसा लागत नाही, फरक मात्र पहिल्याच आठवड्यात कॅनवर दिसतो.

प्रश्न : बारा उस्मानाबादी शेळ्या आहेत. करडांना थंडी लागू नये म्हणून रात्री खोलीत कोंडतो आणि घमेल्यात निखारे ठेवतो. तरी करडं खोकतात, दोन दगावली. हळद-तेल पाजलं, गुण आला नाही.
– एक शेळीपालक, ता. आटपाडी

घमेलं आजच बाहेर काढा. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. धूर दिसत नाही म्हणून विषारी वायू नाही असं नसतं, उलट लाल झालेला बिनधुराचा निखाराच जास्त फसवतो. करडांचा त्यानं जीव जातो आणि त्याच खोलीत कोणी राखणीला झोपत असेल तर त्याचाही. दोन दगावलेल्या करडांचं कारण नेमकं काय हे शवविच्छेदनाशिवाय सांगता येणार नाही. पुढं असं झालं तर मेलेलं करडू पुरण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, बाकीची वाचवायला त्याचाच उपयोग होतो.

दुसरा संशय हळद-तेलावर. करडाचं तोंड वर धरून बाटलीनं ढोसलं की ठसका लागतो आणि तेल श्वासनळीत उतरतं. पाणी फुफ्फुसातून शोषलं तरी जातं, तेल तिथंच राहतं आणि न्यूमोनिया करतं. खोकणाऱ्या जनावराला तर गिळणं आधीच अवघड. औषध द्यायचंच झालं तर मान जमिनीला समांतर, जबड्याच्या कडेनं, थोडं थोडं, आणि ठसका आला की तोंड लगेच खाली सोडायचं. शेळीच्या अंगाचं तापमान १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट नेहमीचंच. दुपारच्या उन्हातून आल्यावर मोजू नका, सकाळी मोजा. १०४च्या वर, नाकातून घट्ट शेंबूड आणि बरगड्या उडत असतील तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरला बोलवा.

उबेसाठी साधा खोका पुरतो. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच लाकडी खोका किंवा फळांची क्रेट जोडून केलेला, तळाला चार इंच भुस्कट, वरून अर्ध्या भागावर पोतं. पाच-सहा करडं त्यात एकमेकांच्या अंगाला लागून झोपली की त्यांच्याच अंगाची ऊब साठते. कोंदट होऊ नये म्हणून अर्धा भाग उघडाच ठेवायचा. सोयाबीनचं भुस्कट टोचतं, ते खाली आणि गव्हाचं किंवा भाताचं मऊ वर. मोठ्या शेळीला गोठ्यात दहा चौरस फूट जागा धरा. बारा शेळ्या आठ बाय आठच्या खोलीत बसत असतील तर खोकल्याचं अर्धं कारण तिथंच आहे.

सकाळी चरायला सोडायची घाई नको. गवतावर दव असेपर्यंत जंताची पिल्लं पात्याच्या शेंड्यापर्यंत चढून बसतात. नऊ-साडेनऊला दव उडालं की सोडा. जंताचं औषध दर महिन्याला डोळे झाकून देण्यापेक्षा चार-पाच जनावरांच्या लेंड्या दवाखान्यात तपासून घ्या. सरसकट दिल्यानं औषध लागू पडेनासं होतं आणि पैसेही जातात. गाभण शेळीला शेवटच्या दीड महिन्यात रोज पाव किलो भरडा सुरू करा. अशक्त शेळीचं करडू थंडीत जगवणं फार अवघड जातं.

प्रश्न : शंभर पिल्लं आणली आहेत. चार एलईडी बल्ब लावले, तरी पिल्लं एकमेकांवर चढून चेंगरून मरतात.
– कुक्कुटपालन करणारी एक महिला वाचक, ता. तासगाव

नऊ वॅटचा एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देतच नाही. वीज वाचवतो तो याच कारणानं. पिल्लांना पिवळा, तारेचा साधा बल्बच हवा. थंडीत एका पिल्लाला दोन वॅट असा अंदाज, म्हणजे शंभराला दोनशे. दोनशेचा एकच न लावता साठचे चार लावा, एक उडाला तरी पिल्लं रात्रभर उघडी पडत नाहीत. रात्री चौदा तास चालले तर साडेतीन युनिटच्या आत खर्च होतो.

पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा दीड फूट उंच गोल करा, व्यास साडेपाच फूट. चौकोन नको, कोपऱ्यात ढीग होऊन पिल्लं चेंगरतात. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस, पहिले तीन दिवस त्यावर वर्तमानपत्र, नाहीतर पिल्लं तूसच खातात. पिल्लं सोडण्याआधी चार तास बल्ब चालू ठेवा म्हणजे तूस तापतं. पिल्लाच्या पाठीच्या उंचीला पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाच अंशांनी कमी. बल्ब वर उचलला की तापमान उतरतं. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीनं किंवा तारेनं टांगा. तो तुसात पडला तर पेट घेतो.

थर्मामीटर नसला तर पिल्लं स्वतः सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट म्हणजे थंडी. कडेला जाऊन चोच उघडी, पंख पसरलेले म्हणजे उष्णता जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूनं वारा येतोय, तिथं पोतं लावा. गोलभर पसरून दाणे टिपत असतील तर हात लावू नका. वीज जाणार हे माहीत असेल तर गरम पाण्याच्या कॅनना गोणपाट गुंडाळून गोलात ठेवा, दोन-तीन तास निभतात.

प्रश्न : घरच्या पंधरा गिरिराज कोंबड्यांनी डिसेंबरमध्ये अंडी जवळपास बंद केली. खाद्य बदलावं का?
– एक गृहिणी, ता. कोरेगाव

खाद्यापेक्षा उजेड कमी पडतोय. डिसेंबरमध्ये आपल्याकडे दिवस साधारण अकरा तासांचा, आणि अंड्यावर राहायला कोंबडीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. इथं मात्र एलईडी चालतो. नऊ वॅटचा एक दिवा रोज पाच तास, महिन्याला दीड युनिटही होत नाही. दिवा संध्याकाळी न लावता पहाटे लावा. रात्री एकदम बंद केला तर कोंबड्या मांडवावर चढायच्या आधीच अंधारात सापडतात. सुरुवात अर्ध्या तासानं करा आणि दर आठवड्याला अर्धा तास वाढवा. पाच महिन्यांच्या आतल्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, जादा उजेड नको, लवकर अंड्यावर येऊन पुढं अंडं अडकतं. बाकी खुराड्यातलं तूस दोन दिवसांआड खालीवर करा, पाणी सकाळी ताजं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाईल.

प्रश्न : साखर कारखाना सुरू झाल्यावर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्तात मिळतात. थंडीभर त्यावरच जनावरं काढली तर चालेल का?
– एक शेतकरी, ता. वाळवा

निम्म्यापर्यंत चालतील, सगळी वैरण वाढ्यांची नको. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. दोन-तीन महिने असं चाललं की दूध उतरतं, गाय वेळेवर माजावर येत नाही, आणि नुकतीच व्यायलेली गाय दुग्धज्वरानं आडवी पडते. वाढे कुट्टी करून, दोन-चार तास सुकवून, ज्वारीच्या कडब्यात मिसळून द्या. दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ. कडबा महाग असेल तर तो रात्रीसाठी राखा. रात्री पोटात कोरडी, चिवट वैरण असली की ती आंबताना ऊब तयार होते. हिरवी सकाळी, कोरडी रात्री, एवढा बदल फुकटात होतो.

तुमच्या भागासाठी एक जादा गोष्ट. गळीत हंगामात तोडकऱ्यांचे बैल लांबून येतात, एकाच हौदावर पाणी पितात. लाळ-खुरकूत पसरायला एवढं पुरतं. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून बैलगाड्या दिसायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. सरकारी मोहिमेतली लस फुकट असते, पहिलाच फेरा चुकवू नका.

प्रश्न : थंडीत हत्तीगवत फुटत नाही. चार गुंठे मोकळे आहेत, हिरवं काय घ्यावं?
– ता. खानापूर

तीन गुंठे लसूणघास, एक गुंठा ओट. लसूणघासाचं बी गुंठ्याला २५० ते ३०० ग्रॅम, फूटभर अंतराच्या ओळीत, नोव्हेंबर संपायच्या आत. पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी, मग दर पंचवीस-तीस दिवसांनी. ओटाचं बी गुंठ्याला किलोभर. बियाण्याबरोबर अमरवेलीचं बी आलं तर सगळा वाफा जातो, म्हणून खात्रीचंच घ्या. लसूणघास दवानं ओला असताना उपाशी पोटी घातला तर पोट फुगतं. आधी दोन पेंढ्या कडबा, मग हा.

प्रश्न : अंघोळीच्या पाण्याचा खर्च फार होतो. हीटरची कॉइल, गिझर की जुना तांब्याचा बंब, स्वस्त काय? कोणी सांगतं थोडं पाणी कडक तापवून त्यात गार मिसळलं की वीज वाचते.
– एक वाचक, वाई

मिसळण्यानं वाचत नाही. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४२ला न्यायला अर्धा युनिट लागतो. दहा लिटर ६५ला नेऊन त्यात दहा लिटर गार ओतलं तरी हिशेब तोच. दीड हजार वॅटच्या कॉइलला या कामाला वीस मिनिटं लागतात, त्यापुढं बादली वाफाळत राहिली तर तेवढी वीज हवेत गेली. पाच माणसांचे महिन्याला पंचाहत्तर युनिट, तुमच्या बिलावरच्या दरानं गुणून बघा.

खरी बचत गार पाणी किती गार आहे यात आहे. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी पहाटे पंधरा अंशांवर असतं, बोअरचं ताजं पंचविशीला. तिथंच दहा अंश फुकट मिळाले, म्हणजे विजेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खर्च गेला. बोअर नसेल तर टाकीतलं पाणी दुपारी चारला, ऊन उतरायच्या आत, झाकणाच्या पिंपात काढून घरात ठेवा. गिझर असेल तर रात्रभर चालू ठेवू नका, अंघोळीआधी अर्धा तास पुरे.

बंब सगळ्यात स्वस्त, जर सरपण घरचं असेल. तुरकाट्या, उसाची चिपाडं, दाणे काढलेली मक्याची कणसं, काहीही चालतं. सरपण विकत घ्यायचं असेल तर फायदा उरत नाही. आतून चढलेला क्षार वर्षातून एकदा काढा, तो थर राहिला की जळण जास्त लागतं. बंब अंगणात किंवा उघड्या पडवीतच पेटवायचा, न्हाणीघरात नाही. गॅस गिझरलाही हाच नियम, यंत्र न्हाणीघराच्या बाहेर, नळी आत. निखाऱ्यांबद्दल वर लिहिलंय ते माणसांनाही लागू. कॉइल लोखंडी बादलीत घालू नका, आणि पाणी तापलं का हे बोट घालून बघायच्या आधी बटण बंद करून पिन काढा.

प्रश्न : माणच्या माळावर पत्र्याचं घर आहे. रात्री दहानंतर आत बाहेरइतकंच गार होतं. म्हातारी आणि लहान मूल आहे.
– ता. माण

पत्रा दिवसा जेवढा तापतो तेवढाच रात्री मोकळ्या आभाळाकडे ऊब सोडतो, आणि माणच्या कोरड्या हवेत तर जास्तच. झोपायच्या खोलीपुरती पत्र्याखाली सहा इंच अंतर ठेवून गोणपाटाची किंवा जुन्या साड्यांची शिवलेली आडवी चादर ताणून बांधा. मधली अडकलेली हवा काम करते, म्हणून कापड पत्र्याला चिकटू देऊ नका. चुलीच्या वर आणि वायरिंगजवळ असलं काही बांधायचं नाही, पाचट तर घरात वर टाकूच नका.

दाराखालची फट क्षुल्लक वाटते. तीन फुटी दाराखाली दोन सेंटिमीटर फट म्हणजे भिंतीला वीतभर लांब, चार बोटं रुंद भोक पाडल्यासारखंच. जुन्या लुगड्याची नळी शिवून त्यात वाळू भरा आणि रात्री दाराशी लोटा. एक वरची झरोक्याची फट मात्र उघडी हवी.

म्हातारीला वर दोन घोंगड्या देतात आणि खाली चटई. थंडी खालूनच चढते. वाकळ खाली घाला, शक्य तर बाजेवर, बाजेच्या सुंभाखालून वारा लागतो म्हणून तिच्यावर आधी पोतं. पाच-सहा जुन्या सुती साड्यांची वाकळ चांगली. रोज दोन तास उन्हात टाका, रात्रीचा घाम धरलेली वाकळ दिसायला जाड असली तरी गारच लागते.

प्रश्न : माडग्याळ मेंढ्यांची लोकर दिवाळीनंतर कातरली तर?
– ता. जत

दिवाळी लवकर असेल आणि पुढं पंधरा दिवस ऊन असेल तर हरकत नाही. नोव्हेंबरअखेरनंतर, आणि गाभण मेंढ्यांची तर, नकोच. थंडी ओसरेपर्यंत थांबा. कातरून झालंच असेल तर आठवडाभर वाड्याला जाळीच्या वाघरीबरोबर उत्तर-पूर्वेला बाभळीच्या फांद्यांचा आडोसा करा.

प्रश्न : दह्याला विरजण लागत नाही.
– सांगली

दूध बोटाला सोसेल इतकं गरम, साधारण चाळीस-बेचाळीस अंश, असतानाच विरजा. उन्हाळ्यात लिटरला चमचाभर विरजण पुरतं, आता दोन मोठे चमचे. स्टीलच्या भांड्यापेक्षा मातीचं किंवा जाड बुडाचं घ्या. भांडं घट्ट झाकून गव्हाच्या डब्यात गळ्यापर्यंत पुरा. रात्री नऊला लावलेलं सकाळी सातला घट्ट मिळतं. फ्रीजमधलं विरजण थेट घालू नका, आधी अर्धा तास बाहेर.

प्रश्न : शेतावरच्या राखणीच्या कुत्र्याला जुनी चादर दिली, तरी कुडकुडतो.
– ता. पलूस

चादर काढून पोत्यात भुस्कट भरून द्या. कापड दव धरतं आणि दिवसभर वाळत नाही, भुस्कटात कुत्रं स्वतः खड्डा करून बसतं. जमिनीपासून चार विटांवर फळी, तिच्यावर पोतं, तीन बाजूंनी जुन्या पत्र्याचा आडोसा, तोंड दक्षिणेला. रात्रीची भाकरी सव्वापट करा. ट्रॅक्टर सकाळी चालू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा, उबेला मांजर आत शिरलेलं असतं.